माझी कोडची रोजकीर्द

पहिल्या नोकरीत लातूरच्या शेतमालाच्या आडत दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करत होतो. सौदा झाला की शेतकऱ्याच्या मोबाइलवर पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा, एसएमएस जायचा. आडत्यांचा आग्रह मराठीचा. पाठवला मराठीत, आणि महिनाअखेरीला बिल अंदाजाच्या दुप्पट.

शोधल्यावर कळलं ते असं. साध्या इंग्रजी मजकुराची 160 अक्षरं एका एसएमएसमध्ये बसतात. त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं, तर मर्यादा 70 वर येते. त्यापुढे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे. मोजणीही आपल्या डोळ्यांसारखी नसते. ‘क्विंटल’ आपल्याला तीन अक्षरी दिसतो. मशीनला क, हलन्त, व, वेलांटी, अनुस्वार, ट, ल असे सात दिसतात. ‘क्विं.’ केलं तरी एकच वाचतं! शेवटी दुकानाच्या नावाची आद्याक्षरं ठेवून मजकूर 66 वर आणला.

दीड वर्षानं तोच कोड उघडला. आद्याक्षरं गबाळी वाटली, पूर्ण नाव टाकलं. बिल पुन्हा दुप्पट. हे मीच केलं होतं, दुसऱ्या कोणी नाही.

वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मुनीम. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “लिहून ठेवलं नव्हतंस का?” त्यांच्या रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, चुकीची नोंद खोडत नाहीत, खाली उलट नोंद करतात. दोनशे पानी वही घेतली ती त्या आठवड्यात.

आता नोंद अशी असते: “पट्टीचा मजकूर 70 च्या आत. का: 71 वं अक्षर आलं की दोन एसएमएसचे पैसे. सोडलेला पर्याय: इंग्रजी, आडत्यांना नको. पुन्हा बघायचं: व्हॉट्सॲपवर गेलो तर.” सोडलेला पर्याय लिहायचा कंटाळा येतो, पण सहा महिन्यांनी नवा माणूस नेमकं तेच सुचवतो. सॉफ्टवेअरवाले मायकेल नायगार्ड यांनी 2011 मध्ये अशाच नोंदींची पद्धत मांडली, आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, म्हणजे सॉफ्टवेअरच्या रचनेतल्या निर्णयांची नोंद. त्यातही जुना निर्णय पुसत नाहीत, ‘बदलला’ असा शेरा मारतात. वडिलांना सांगितलं तर हसले.

टीमला लागणाऱ्या नोंदी कोडशेजारीच फाइलमध्ये ठेवा. वहीत माझी फजिती असते: सर्व्हर यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) आहे हे विसरून रात्री 12 ला लावलेला बॅकअप पहाटे साडेपाचला चालला, वगैरे. पासवर्ड आणि गिऱ्हाइकाचे आकडे मात्र वहीत नकोतच. नांदेड-संभाजीनगरला शिकत असाल तर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टपासूनच सुरुवात करा, मुलाखतीत “हा डेटाबेस का घेतला?” हे विचारतातच.

आणि नोंद त्याच दिवशी, पूर्ण करा. माझ्या वहीत एक ओळ आहे: “टाइमआउट 30 वरून 90 सेकंद केला. कारण सगळ्यांना माहीतच आहे.” (टाइमआउट म्हणजे उत्तराची किती वेळ वाट बघायची ते.) ते कारण आज कोणालाच आठवत नाही, आणि 90 चे परत 30 करायची हिंमतही कोणाची होत नाही.