टाइप रेटिंगला पैसे भरायच्या आधी जरा थांबा

सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स), डीजीसीएचे (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे) पेपर, आरटीआर (रेडिओवर बोलायचा परवाना) हे सगळं तुम्हाला माहितीये असं धरून चालतो. पुण्यातल्या पोरांचं ठरलेलं असतं, ग्राउंड क्लास इथे आणि फ्लाइंगला बारामती, गोंदिया नाहीतर परदेश, कारण पुण्याचं लोहगाव विमानतळ पडलं एअरफोर्सचं. उड्डाणाचे २०० तास होतात, लायसन्स येतं, घरचे पेढे वाटतात आणि मग फोन वाजतच नाही.

इथेच कोणीतरी भेटतो आणि म्हणतो, नुसत्या सीपीएलला कोण विचारतंय, ए३२० चं टाइप रेटिंग, म्हणजे एअरबसचं ते ठराविक विमान उडवायची वेगळी परवानगी, करून टाक, एअरलाइन मागे येईल. मलाही असाच एक कन्सल्टंट भेटला, बाबांनी धनकवडीच्या फ्लॅटवर लोन काढलं. आता नीट ऐका, हे लाखांचं काम आहे. रेटिंग होतं मुख्यतः सिम्युलेटरवर, म्हणजे लायसन्सवर ए३२० चढतं पण प्रवासी घेऊन उडवलेला एक ताससुद्धा लॉगबुकात नसतो. रांगेत तुमच्या पुढे कोण? २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली, २०२३ च्या मे मध्ये गो फर्स्ट, तेव्हा हजारो तासवाले लोक एकदम बाजारात आले, आणि गो फर्स्टवाले तर ३२० वरचेच! तुम्ही बोइंग ७३७ चं रेटिंग घेतलं आणि भरती ३२० ची निघाली तर ते पैसे गेलेच समजा. बरं, थांबायचं म्हटलं तरी फुकट थांबता येत नाही, मेडिकल दरवर्षी, आयआर (बाहेर न बघता उपकरणांवर उडवायचं रेटिंग) दरवर्षी, त्यासाठी मल्टी इंजिनचं भाडं, आणि रेटिंग शिळं झालं की परत सिम्युलेटर. ईएमआय वेगळाच.

घाबरवत नाहीये. कॅडेट प्रोग्रॅम, म्हणजे एअरलाइनशी जोडलेलं पैसे भरून घ्यायचं ट्रेनिंग, वाईट नाही, ऐपत असेल तर खुशाल जा, फक्त पत्रात नोकरी पक्की लिहिलीये की 'जागा असल्यास' ते घरच्यांसोबत बसून वाचा. ऐपत नसेल तर इन्स्ट्रक्टर व्हा. पगार कमी, ऊन भरपूर, पण नवशिक्या पोराचं वाकडं लँडिंग रोज सावरताना जो हात बसतो तो पैसे देऊन मिळत नाही, असं माझं मत. फी घेऊन मेंटॉरगिरी करणाऱ्यांचं मात्र मला काही सांगू नका.

तासांनाही फार देव्हाऱ्यात बसवू नका. २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअर या कंपनीचं विमान पडलं, त्यानंतर अमेरिकेने को-पायलटलाही साधारण १५०० तासांची अट घातली, पण त्या विमानातल्या दोन्ही पायलटांचे तास त्याहून जास्तच होते. तास कुठे आणि कसे झाले ते महत्त्वाचं, इंटरव्ह्यूतही तेच खोदून विचारतात, म्हणून लॉगबुकात फुगवाफुगवी तर अजिबात नको.

आणि क्लास वन मेडिकल (कमर्शियल लायसन्सला लागणारी तपासणी) अजून झालं नसेल तर आधी ते करून घ्या, त्याच्या खालचं क्लास टू निघालं म्हणून लोक सरळ फी भरून मोकळे होतात.