बरगड्या मोजत हृदयापर्यंत

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मुलींना विचारलं, हृदय दाखवा, की निम्म्या जणींचा हात डाव्या काखेकडे जातो. सिनेमात तसंच दाखवतात, त्यांचा तरी काय दोष! खरं तर हृदय छातीच्या मधल्या हाडामागे असतं. त्याचा साधारण दोन-तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे, उरलेला उजवीकडे. ते छातीवर नेमकं शोधायचं तर स्तनाग्राच्या खुणेवर विसंबू नका. पुरुषांतही ती शरीराच्या ठेवणीप्रमाणे वरखाली असते, बायकांत तर तिचा उपयोगच नाही. हाडं मात्र जागच्या जागी असतात. म्हणून मी आधी बरगड्या मोजायला लावते, स्टेथो त्यानंतर.

वरून एक-दोन-तीन मोजत गेलात तर फसाल. पहिली बरगडी कॉलरबोनखाली दडलेली असते, बोटाला सहसा लागत नाही. सुरुवात दुसरीपासून करायची. ठुशी जिथं टेकते, त्या गळ्याच्या खळग्यात बोट ठेवा आणि मधल्या हाडावरून सरळ खाली आणा. चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. बारीक माणसाचा तो दिसतोसुद्धा, अंगानं भरलेल्या माणसात जरा दाबून शोधावा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना जोडलेली बरगडी दुसरी. आत साधारण याच पातळीवर श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात आणि महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची, कमान सुरू होते. छातीत याच्याइतकी कामाची खूण दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता उंचवट्यावरून बोट डावीकडे बरगडीवर घ्या. बरगडीखालची मऊ खाच म्हणजे दुसरी फट. बोट न उचलता तिसरी बरगडी, तिसरी फट असं उतरत जा, पण तिरकं, बाहेरच्या अंगानं. मधल्या हाडालगत खालच्या बरगड्यांच्या कूर्चा इतक्या दाटीनं येतात की फटी कळतच नाहीत. पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यावरून खाली सोडलेल्या रेषेच्या किंचित आत थांबा. प्रौढांत ही जागा मध्यरेषेपासून सुमारे 9 सेंटिमीटरवर येते. आधी तळवा हलका ठेवा, मग एका बोटाचं टोक. तिथं बोटाला ठोका लागतो तो हृदयाच्या टोकाचा, म्हणजे डाव्या निलयाचा, हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचा.

उताणं झोपलेल्या धडधाकट माणसातही तो पुष्कळदा लागत नाही. डाव्या कुशीवर वळायला सांगा, लागेल. लहान मुलांत चौथ्या फटीत शोधायचा. गरोदर बाईत पोट वाढेल तसा तो वर आणि डावीकडे सरकतो. इतर कुणात रेषेच्या पार बाहेर किंवा सहाव्या फटीत मिळाला, तर हृदय मोठं झालेलं असू शकतं, डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि डावीकडे काहीच सापडेना, तर उजवीकडेही हात ठेवून बघा. जन्मतःच हृदय उजवीकडे असलेली माणसं असतात, क्वचित का होईना.

आता स्टेथो. बीपी मशीनबरोबर मिळतो तो साधाही चालेल. कानातली टोकं नाकाच्या दिशेनं वळलेली हवीत. "मॅडम, माझा स्टेथोच खराब आहे," अशी तक्रार आली की मी आधी टोकं बघते, मग चकतीवर टकटक करते. दुतोंडी स्टेथो असेल तर ती बहुतेक दुसऱ्या बाजूला फिरलेली असते. कपड्यावरून ऐकायचं नाही. पदर घासल्याचा आवाजसुद्धा नवख्या कानाला आजार वाटतो. छातीवर दाट केस असतील तर ते पाण्यानं ओले करा, नाहीतर नुसती करकर ऐकू येईल. पंखा बंद, बांगड्या वर.

हृदयाच्या टोकावर चकती ठेवली की लब-डब ऐकू येतं. निलय आकुंचन पावू लागले की अलिंद (वरचे कप्पे) आणि निलय यांच्यामधल्या दोन झडपा मिटतात, तो लब. निलय सैल पडू लागले की महाधमनी आणि फुप्फुस धमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात, तो डब. दार लागल्याचा आवाज होतो, उघडल्याचा नाही, तसंच हे. ठोके भरभर असतील आणि लब कोणता ते कळेना, तर मानेत एका बाजूच्या नाडीवर हलकं बोट ठेवा. नाडीबरोबर येतो तो लब. दोन्ही बाजूंच्या नाड्या एकदम दाबायच्या नाहीत.

ऐकायच्या जागा चार: उजवी दुसरी फट, डावी दुसरी फट, मधल्या हाडाची डावी खालची कड आणि टोक. पण झडपा तिथं नसतात हो! त्या सगळ्या मधल्या हाडामागे जवळजवळ असतात. आवाज रक्ताच्या वाहत्या दिशेला जातो, म्हणून हाडामागे जरा डावीकडे असलेली महाधमनीची झडप आपण उजव्या दुसऱ्या फटीत ऐकतो. टोकाशी लब ठळक, वरच्या दोन जागी डब. डाव्या दुसऱ्या फटीत एखाद्या तरुण मुलीला सावकाश खोल श्वास घ्यायला सांगा, डब किंचित दुभंगतो. घाबरू नका. श्वास घेताना हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त रक्त येतं आणि फुप्फुस धमनीची झडप मिटायला जरा उशीर होतो, एवढंच.

मोजणी टोकावर आणि पूर्ण 60 सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय असेल तर लय अनियमित असलेल्या माणसात ती सोडा. प्रौढांत विश्रांतीत 60 ते 100 ठोके. डिगॉक्सिनची, म्हणजे हृदयाच्या औषधाची, गोळी देण्याआधी वॉर्डात आम्ही असंच मोजतो, आणि ठोके 60 च्या खाली असतील तर गोळी हातात ठेवून डॉक्टरांना विचारतो.

लय वेडीवाकडी वाटली तर दोघी लागतात. एकीनं टोकावर ऐकायचं, दुसरीनं मनगटाची नाडी धरायची, घड्याळ दोघींचं एकच, सुरुवात एकदम. अलिंदांची लय बिघडलेली असली की काही ठोके इतके पोकळ पडतात की मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि नाडीचा आकडा कमी येतो. शीटवर दोन्ही आकडे लिहा, वेळेसकट. नुसता फरक लिहू नका.