संथ व्हिडिओ करताय? या चुका टाळा

एडिटिंगचा कंटाळा आला म्हणून मी संथ व्हिडिओंकडे, म्हणजे फारसं न कापता काम जसं चालतं तसं सलग दाखवणाऱ्या व्हिडिओंकडे वळलो. आई भाकरी करते, समोर फोन उभा करायचा, झालं! पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं चित्रीकरण झालं आणि त्यातलं एक मिनिटही बघवेना. कात्री बाजूला ठेवली की तिचं काम शूटच्या आधी करावं लागतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

नॉर्वेच्या एनआरके वाहिनीने २००९ मध्ये बर्गन ते ऑस्लो हा सात तासांहून लांबचा रेल्वेप्रवास सलग दाखवला. त्यातही बोगद्यांत पडदा काळा ठेवला नव्हता. तिथे जुनं चित्रीकरण आणि मुलाखती घातल्या होत्या. आपल्या व्हिडिओत बोगदा कुठे येणार, हे शूटच्या आधी बघा. माझा बोगदा म्हणजे तवा तापेपर्यंतचा वेळ. आता तवा तापल्यावरच रेकॉर्डिंग सुरू करतो.

सगळ्यात जास्त घोळ आवाजाचा. भराभर कापलेल्या व्हिडिओत पार्श्वसंगीत सगळं झाकून टाकतं. इथे मात्र पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी, सगळं ऐकू येतं. पंखा आणि एक्झॉस्ट बंद करा, फ्रिजपासून लांब बसा, माइक परातीजवळ ठेवा. भाकरी थापतानाचा तो थप-थप आवाज हेच तुमचं संगीत. त्यावर बासरी चिकटवू नका, हात जोडतो.

दुसरी तक्रार: चित्र मध्येच उजळतं, मध्येच काळवंडतं. पांढरं पीठ समोर आलं की फोन स्वतःच उजेड कमी करतो, आणि हात पुढे आला की फोकस भरकटतो. दोन-दोन सेकंदांच्या तुकड्यांत हे खपून जातं, चार मिनिटांच्या सलग दृश्यात डोळ्यांत खुपतं. बऱ्याच फोनवर पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतात.

ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसतात? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्याच्याशी जुळेल असं शटर (एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, जमलं तर सेकंदाला २५ फ्रेम. नाहीतर सरळ खिडकीशी बसा.

फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि जागा किती शिल्लक आहे ते बघा. आमची ऐन फुगणारी भाकरी एका कॉलमध्ये गेली.

जुनी सवयही लवकर सुटत नाही. शांतता दिसली की बोट आपोआप कापायला जातं. आई भाकरी तव्यावर टाकते, वरून पाण्याचा हात फिरवते आणि ते पाणी सुकेपर्यंत नुसती बघत बसते. हे मी आधी कापत होतो. पण भाकरी उलटायची नेमकी वेळ बघणाऱ्याला कळते ती तिथेच, पाणी सुकताना. ते ठेवा. कापायचं असेल तर सुरुवातीचं ‘नमस्कार मंडळी, चॅनेलवर तुमचं स्वागत’ कापा. पहिल्याच फ्रेममध्ये हात पिठात असू दे.

लांबीही उगाच ताणू नका. एक भाकरी थापून, भाजून चार-पाच मिनिटांत होते, तेवढा व्हिडिओ पुरे. दहा भाकऱ्या दाखवल्या तर दहावी कोणी बघत नाही, मीसुद्धा बघितली नाही.

परवाच्या व्हिडिओत दुसरी भाकरी परातीतून उचलताना फाटली. ‘गेली मेली’ म्हणत आईने पुन्हा गोळा केला, वर थोडं पीठ भुरभुरलं आणि परत थापायला घेतली. मी ते काढून टाकलं होतं. रात्री परत घातलं.