ऑस्ट्रियातलं एखादं बारकं गाव समजून घ्यायचं असेल तर कुठून सुरुवात करायची (आग्सबाखचं उदाहरण)

आधी माझी फजिती सांगतो. व्हिएन्नाला राहायला आलो त्याच उन्हाळ्यात मी आणि बायको वाखाउ खोऱ्यात गेलो, म्हणजे डॅन्यूबचा मेल्क ते क्रेम्स हा ३५ एक किलोमीटरचा पट्टा, तिथं आग्सबाखला एक जुना कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती भिक्षूंचा) मठ आहे असं कुठंतरी वाचलेलं, त्यामुळे पाटीवर आग्सबाख दिसल्या दिसल्या आम्ही उतरलो. रस्त्यात एक आजीबाई भेटल्या, त्यांना माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मठ कुठंय विचारलं. त्यांनी हात वर केला आणि सरळ नदीपलीकडे बोट दाखवलं. समोर गाव दिसतंय, घरं दिसतायत, मधे अख्खी डॅन्यूब, आणि पूल नाही. वरच्या अंगाला पूल थेट मेल्कला, खालच्या अंगाला थेट क्रेम्सच्या समोर माउटर्नला, मधे एकही नाही. आम्ही उतरलो होतो ते आग्सबाख मार्क्ट, मठ आहे तो आग्सबाख डॉर्फला. दोन वेगळी गावं, दोन वेगळे जिल्हे, नाव तेवढं एक.

तेव्हापासून मी कुठल्याही ऑस्ट्रियन गावाला जायच्या आधी तासभर घरी बसून गृहपाठ करतो. तो कसा करायचा तेच लिहितोय.

सगळ्यात आधी कुठलं गाव ते पक्कं करा. तिकडे सर्वात खालचं सरकारी युनिट म्हणजे गेमाइंडे, आपली ग्रामपंचायत धरा, फक्त अधिकार बरेच जास्त. असे देशभरात २,०९० च्या आसपास आहेत. आपल्याकडे कशी गट ग्रामपंचायत असते, चार वाड्या मिळून एक ऑफिस, तसंच इथंही असतं, गेमाइंडेचं नाव एक आणि आत गावं तीन-चार. आग्सबाख गेमाइंडेत आग्सबाख मार्क्ट, विलेनडोर्फ, ग्रोइसबाख आणि क्योफरिंग, एवढं सगळं मिळून साडेसहाशे-सातशे माणसं. आमच्या सोसायटीत याहून जास्त असतील. आणि पलीकडचं आग्सबाख डॉर्फ आहे ते श्योनब्युएल-आग्सबाख नावाच्या वेगळ्या गेमाइंडेत, मेल्क जिल्ह्यात.

हा घोळ टाळायला सोपा उपाय म्हणजे गेमाइंडेचा पाच आकडी कोड बघायचा. पहिला आकडा राज्याचा, राज्यं जर्मन नावांच्या अक्षरक्रमाने लावलीत, म्हणून १ बुर्गेनलँड आणि ९ व्हिएन्ना (तिकडे वीन म्हणतात ना, म्हणून शेवटी). पुढचे दोन जिल्ह्याचे, शेवटचे दोन गावाचे. आग्सबाखचा कोड ३१३०१, म्हणजे ३ लोअर ऑस्ट्रिया, १३ क्रेम्स ग्रामीण जिल्हा, ०१ त्यातलं पहिलं गाव. पलीकडच्याचा कोड ३१५ ने सुरू होतो, तिथंच कळतं की हे आपलं गाव नव्हे. कोड लिहून ठेवा, कारण नावं फसवतात आणि गेमाइंडे एकमेकांत विलीनही होतात. स्टायरमार्क राज्यात तर २०१५ मध्ये एका झटक्यात शेकडो गेमाइंडे जाऊन २८७ उरले, मग जुन्या कागदातलं गाव आजच्या यादीत सापडतच नाही आणि माणूस चक्रावतो.

अशा वेळी कामाला येतं ते काटास्ट्राल-गेमाइंडे. नाव अवघड आहे पण प्रकार ओळखीचा, महसुली गाव. जमिनीचे नंबर याच्यावर चालतात, पंचायती कितीही जुळल्या-तुटल्या तरी हे सहसा तसंच राहतं. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला वेगळं समजवायला नको.

आता भूगोल. नकाशा उघडला की आधी नदी कुठून कुठे वाहते ते बघायचं, कारण तिकडची सगळी वर्णनं डावा काठ-उजवा काठ अशी असतात, आणि तो डावा-उजवा प्रवाहाच्या दिशेने तोंड करून धरायचा. एवढं मला माहीत असतं तर वरची फजिती झाली नसती. आग्सबाख मार्क्ट डाव्या काठाला, डॉर्फ उजव्या.

मग डोंगर. वाखाउमध्ये डॅन्यूब बोहेमियन मॅसिफ नावाच्या डोंगरपट्ट्याच्या खूप जुन्या, टणक खडकातून वाट काढते त्यामुळे खोरं अरुंद, दोन्हीकडे चढ. आग्सबाखच्या बाजूला मागे याउअरलिंग, ९६० मीटर, समोर डुंकलश्टाइनरवाल्डचं जंगल. मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं, रस्ता, रेल्वे, जर्दाळूच्या बागा, सगळं दाटीवाटीने. द्राक्षमळ्यांच्या प्रसिद्ध दगडी पायऱ्या बघायच्या तर खाली श्पिट्झपासून पुढे जायला लागतं, आग्सबाखकडे तो थाट कमी आहे, आणि खरं सांगू तर त्यामुळे गर्दीही कमी.

एक गोष्ट मात्र नकाशात दिसत नाही, ती माती. डाव्या काठाला काही ठिकाणी उतारावर लोएस साठलीय, हिमयुगात वाऱ्याने उडून आलेली पिवळसर बारीक धूळ. आपल्याकडे गावची पांढरी असते, ती माणसाच्या वस्तीने तयार होते, ही नुसत्या वाऱ्याने. पण हजारो वर्षं थरावर थर बसत गेले आणि त्यात जे गाडलं गेलं ते टिकलं. विलेनडोर्फचं नाव जगात झालं ते या मातीमुळे.

डॅन्यूबच्या काठाने नवी रेल्वे टाकायचं काम चाललं होतं, विलेनडोर्फला त्या निमित्ताने उत्खनन सुरू होतं, योझेफ सोंबाती, ह्यूगो ओबरमायर आणि योझेफ बायर हे तिघे पुरातत्त्वज्ञ ते काम बघत होते. ७ ऑगस्ट १९०८ ला एका मजुराच्या हाताला चुनखडीची एक छोटी मूर्ती लागली. तीच विलेनडोर्फची व्हीनस. वय साधारण ३०,००० वर्षं, उंची ११ सेंटिमीटर. फोटोत ती मोठी वाटते. व्हिएन्नाच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये खरी ठेवलीय तिथं गेलो तर आमच्या सौ. पटकन म्हणाल्या, अगं बाई, एवढीशी? तळहातात मावेल एवढी, चेहरा नाही, डोक्यावर वेणीसारखी गोल गोल वेटोळी (काहीजण टोपी म्हणतात), पावलं नाहीत त्यामुळे उभी राहू शकत नाही, आणि नीट बघितलं तर लाल गेरूच्या खुणा.

इथं एक सावधगिरी बाळगा. गावात जे सापडलं ते गावचंच होतं असं धरून चालू नका. या मूर्तीचा दगड आग्सबाखच्या आसपासचा नाहीच, २०२२ मध्ये बारीक स्कॅनिंग करून बघितलं तेव्हा तो बहुतेक उत्तर इटलीतल्या गार्डा सरोवराजवळचा निघाला, म्हणजे आल्प्सच्या पलीकडून कोणीतरी, कदाचित पिढ्यानपिढ्या हातोहात, इथपर्यंत आणलेला. आणि त्याच जागेवर मिळालेली दगडी हत्यारं ४३,५०० वर्षं जुनी आहेत असं २०१४ मध्ये मांडलं गेलं. तेव्हा आग्सबाख वगैरे काही नव्हतं, थंडगार गवताळ माळ आणि फिरत राहणारी माणसं.

गावाचा म्हणून जो इतिहास, तो नावापासून उलगडायचा. बाख म्हणजे ओढा, डॉर्फ म्हणजे गाव, इंग ने संपणारी नावं बहुधा जुन्या बायर्न (बव्हेरियन) लोकांच्या वस्तीची, आणि मार्क्ट म्हणजे बाजार भरवायचा हक्क मिळालेलं गाव. आपल्याकडे बुद्रुक-खुर्द वाचून जसा अंदाज येतो तसा इथं एका पाटीवरून येतो. दोन्ही आग्सबाखांपैकी बाजार कुठं होता हे मला पाटीच सांगत होती, मीच वाचली नाही.

नंतरच्या काळासाठी कागद भरपूर आहेत आणि बरेचसे फुकट, घरबसल्या. महाराणी मारिया तेरेसाने १७७० मध्ये घरांना नंबर द्यायला लावले, मुख्य कारण सैन्यभरती. १८१७ ते १८६१ या काळात सम्राट फ्रान्सिसच्या हुकमाने सुरू झालेली मोजणी झाली, स्केल १:२८८०, एकेक घर, एकेक वावर रंगवून काढलंय. तो नकाशा आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवून बघा, कुठली बाग तेव्हा शेत होती, रेल्वे कोणाच्या परसातून गेली, सगळं समजतं. माझे यात दोन-तीन रविवार गेलेत, बायकोला विचारा. माणसांची माहिती हवी तर चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्या मात्रिकुला नावाच्या साइटवर आहेत, आग्सबाख सांक्ट प्योल्टन धर्मप्रांतात येतं, तिथं शोधायचं. अडचण एकच, अक्षर कुरेंट लिपीत, आपल्या मोडीसारखं, जर्मन येत असलं तरी वाचता येत नाही, आधी पंधरा दिवस सराव लागतो.

गेमाइंडे हा प्रकार आज आहे तसा १८४९ च्या कायद्यापासून. त्याआधी शेतकरी जमीनदाराच्या नाहीतर मठाच्या अखत्यारीत, १८४८ च्या उठावाने ते सुटलं. त्या कायद्याचं पहिलंच वाक्य आहे की स्वतंत्र राज्याचा पाया म्हणजे स्वतंत्र गेमाइंडे. मुद्दा एवढाच की १८४९ च्या मागचा इतिहास शोधताना गेमाइंडे शोधू नका, तेव्हाचा मालक कोण ते शोधा. विसाव्या शतकासाठी दोन तारखा डोक्यात ठेवा: १९३८ नंतर लोअर ऑस्ट्रियाचं नाव नीडरडोनाउ केलं होतं, जुन्या कागदात ते आलं की गोंधळू नका, आणि १९४५ ते १९५५ हा भाग रशियन सैन्याच्या ताब्यात होता.

प्रत्यक्ष गावात गेलात की दोन गोष्टी चुकवू नका. चर्चजवळ दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांच्या नावांचा दगड बहुतेक असतोच, तो वाचा, एकेक आडनाव किती वेळा येतं ते मोजा, सहा-सातशेच्या गावात तेवढ्यावरून घरं कळतात. दुसरं म्हणजे नदीकाठच्या घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा. एक आडवी रेघ आणि साल, १९५४, २००२, २०१३ अशी. १५०१ चा पूर या सगळ्यांचा बाप. रेघ आपल्या डोक्याच्या वर असते तेव्हा जरा गप्प व्हायला होतं.

आणि आमच्यासारखं चुकीच्या काठाला अडकलात तर घाबरू नका, श्पिट्झपर्यंत या, तिथं समोर आर्न्सडोर्फला नेणारी नाव (तर) आहे. नदीच्या आरपार वरून जाड तार बांधलीय, नावेची दोरी त्या तारेवर सरकते, नावाडी सुकाणू जरा तिरकं करतो आणि पाण्याचा जोरच तिला पलीकडे ढकलतो, इंजिन नाही. हे चालतं कारण वाखाउमध्ये धरण नाही, वर मेल्कला आहे, खाली आल्टनव्योर्टला आहे, मधे बांधायचा बेत लोकांनी हाणून पाडला, म्हणून नदी अजून धावते. युनेस्कोने २००० मध्ये वाखाउला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते त्यानंतर.

पलीकडे उतरलात की प्रवाहाच्या उलट आठ-दहा किलोमीटर, सायकल असली तर उत्तम. वाटेत डाव्या हाताला उंचावर आग्गश्टाइनचा पडका किल्ला दिसतो, किल्लेवेडे असाल तर मठ राहीलच तुमचा. मठ १३८० मध्ये माइसाऊ घराण्यातल्या हायडेनराइखने स्थापन केला, भिक्षू प्रत्येकजण वेगळ्या घरात, मौन पाळून. शाळा नाही, दवाखाना नाही, मग या लोकांचा उपयोग काय, असा सम्राट योझेफ दुसऱ्याचा हिशोब, १७८२ मध्ये बंद केला. चर्च आता गावाचं आहे. आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, दार बंद, पण बाहेरच्या भिंतीलगत चालत गेलं तरी आवार केवढं होतं ते कळतं.