गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड क्रॅश होतंय? खरा दोष असा शोधा

गेम सुरू होतो, वीस मिनिटं सगळं सुरळीत चालतं आणि अचानक पडदा काळा होतो. मेसेज ग्राफिक्स ड्रायव्हरच्या नावाने येतो, म्हणून संशय थेट कार्डावर जातो. पण मेसेजमध्ये ज्याचं नाव आलं तोच दोषी असतो असं नाही. गेमिंग कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा सर्वांत जास्त वीज कार्डच ओढतं, आणि रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड यांच्यामार्फत येणाऱ्या माहितीवर ते सतत अवलंबून असतं. त्यामुळे पॉवर सप्लाय कमी पडला, रॅमने एखादा बिट चुकवला किंवा केबल सैल राहिली, तरी कोलमडताना दिसतं ते कार्डच.

म्हणून नवं कार्ड घेण्याआधी पुढचे टप्पे क्रमाने करा. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि क्रॅश थांबला, तर तो कशामुळे थांबला हे कळत नाही. महिन्याभराने तो परत आला की शोध पहिल्यापासून सुरू.

१. क्रॅश नेमका कसा होतो ते पाहा

निम्मं निदान इथेच होतं.

गेम बंद पडून डेस्कटॉप दिसतो आणि बाकी सगळं चालू राहतं: ड्रायव्हर, तो विशिष्ट गेम, रॅम किंवा कार्डाचा जास्त ठेवलेला क्लॉक (चिपचा वेग) यांपैकी काहीतरी.

पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो: कार्डाने २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर नव्याने सुरू केला. ही मुदत रजिस्ट्रीत वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. गेमिंगसाठी तो करू नका. त्याने कार्ड अडकण्याचं कारण जात नाही, फक्त पडदा जास्त वेळ गोठलेला राहतो.

पडदा काळा, कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने फिरतात, आवाज मात्र काही काळ येत राहतो: कार्डाचा सिस्टिमशी संपर्क तुटला. वीजजोडणी, स्लॉट, रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून लांब बसवण्याची जोडकेबल) किंवा खुद्द कार्ड.

निळा पडदा न येता कॉम्प्युटर एकदम बंद होतो किंवा रिस्टार्ट होतो: पहिला संशय पॉवर सप्लायवर. मागचा स्विच बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय कॉम्प्युटर सुरूच होत नसेल, तर पॉवर सप्लायच्या संरक्षण सर्किटने वीज तोडली हे जवळपास नक्की.

रंगीत ठिपके, चौकडी, ताणलेले त्रिकोण: कार्डाची मेमरी किंवा चिप. असे ठिपके बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्ड सेटिंगच्या) पडद्यावरही दिसत असतील तर ड्रायव्हर बदलण्यात वेळ घालवू नका.

मॉनिटरवर ‘नो सिग्नल’, पण केबल काढून घातली की गेम तसाच चालू दिसतो: केबल, पोर्ट किंवा मॉनिटर. आधी दुसरी केबल लावून पाहा.

२. विंडोजच्या नोंदी वाचा

स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ शोधून रिलायबिलिटी मॉनिटर उघडा. क्रॅशच्या दिवशी ‘लाइव्हकर्नलइव्हेंट’ आणि कोड १४१ किंवा ११७ दिसला, तर कार्ड किंवा ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता असा अर्थ. मग इव्हेंट व्ह्यूअरमधला सिस्टिम लॉग उघडा. तिथली ‘डिस्प्ले’ ४१०१ ही नोंद ड्रायव्हर रिसेटची असते. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ (nvlddmkm) नावाच्या नोंदी असतात.

‘कर्नल-पॉवर ४१’ पाहून पुष्कळ जण पॉवर सप्लायच बदलतात. या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. कारण ती सांगत नाही. तिच्या तपशिलातला बगचेक कोड (निळ्या पडद्याच्या एररचा क्रमांक) शून्य असेल, तर विंडोजला एरर लिहायलाही वेळ मिळाला नाही, आणि तेव्हा मात्र विजेचा संशय बळावतो. ‘व्हिया-लॉगर’च्या (WHEA-Logger, हार्डवेअरच्या एररची नोंद) नोंदी असतील तर प्रोसेसर किंवा पीसीआय एक्सप्रेस जोडणीकडे, म्हणजे कार्ड ज्या स्लॉटमधून मदरबोर्डशी बोलतं तिकडे बघा.

३. सगळं मूळ सेटिंगवर आणा

कार्डाचं ओव्हरक्लॉकिंग (वेग वाढवणं) आणि अंडरव्होल्टिंग (व्होल्टेज कमी करणं) काढा. अंडरव्होल्ट केलेलं कार्ड बेंचमार्कमध्ये तासभर टिकतं आणि एखाद्या गेममध्ये पाच मिनिटांत पडतं, कारण प्रत्येक गेम चिपचे वेगवेगळे भाग वापरतो. बायोसमध्ये प्रोसेसरची सेटिंग डिफॉल्ट करा आणि रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल तात्पुरतं बंद करा. हे प्रोफाइल म्हणजेही एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच. विशेषतः डीडीआर५ च्या चार स्टिक लावल्या असतील तर पूर्ण वेग पेलेलच असं नाही.

प्रोफाइल बंद केल्यावर क्रॅश थांबला, तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून सुरू करून चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही एरर चालत नाही. प्रोफाइल बंद असतानाही एरर आली, तर एकेक स्टिक लावून तपासा.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर एक गोष्ट आवर्जून तपासा. यांतल्या वरच्या श्रेणीच्या अनेक प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे कायमचा बिघाड होत असल्याचं २०२४ मध्ये स्पष्ट झालं. लक्षण फसवं असतं: कार्डावर भरपूर मेमरी मोकळी असूनही गेम सुरू होताना, शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा मेसेज येतो. मदरबोर्डचा बायोस ०x१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) असलेला टाका. पण जो प्रोसेसर आधीच बिघडला तो बायोसने दुरुस्त होत नाही. त्यासाठी इंटेलने या मालिकांच्या वॉरंटीत २ वर्षांची भर घातली आहे.

४. ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाका

जुन्यावर नवा ड्रायव्हर टाकणं पुरेसं नाही. कार्डाची कंपनी बदलली असेल तर मुळीच नाही. हवा तो ड्रायव्हर आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे आधी डाउनलोड करून ठेवा. मग इंटरनेट तोडा, नाहीतर मधल्या वेळात विंडोज अपडेट स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. शिफ्ट दाबून रिस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये जा, अनइन्स्टॉलर चालवा, पुन्हा सुरू झाल्यावर ड्रायव्हर टाका. नवीनतम आवृत्तीवर क्रॅश होत असेल तर दोन-तीन महिने जुनी आवृत्ती वापरून पाहा. ओव्हरले (गेमवर आकडे किंवा चॅट दाखवणारी), रेकॉर्डिंग आणि आरजीबी दिव्यांची सॉफ्टवेअर्स चाचणीपुरती बंद ठेवा.

५. वीज: इथे घाई करू नका

घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरमध्ये चुका सर्वाधिक इथेच होतात. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६ पिनच्या कनेक्टरमधून ७५, ८ पिनच्या कनेक्टरमधून १५०. नव्या १६ पिनच्या कनेक्टरची मर्यादा ६०० वॉट आहे.

कार्डावर ८ पिनचे दोन कनेक्टर असतील तर पॉवर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल आणा. एकाच केबलच्या टोकाला दोन कनेक्टर जोडलेले असतात, ते दोन्ही एकाच कार्डात खोचणं सोपं वाटतं. पण मग सगळा प्रवाह त्याच तारांमधून जातो, भार आल्यावर व्होल्टेज पडतं आणि कार्ड पडद्यासकट गप्प होतं. मॉड्युलर (सुट्या केबलच्या) पॉवर सप्लायला फक्त त्याच्याच बरोबर आलेल्या केबल लावा. दुसऱ्या मॉडेलची केबल बसली, तरी पॉवर सप्लायच्या बाजूची पिनांची रचना वेगळी असू शकते आणि त्यात पार्ट जळतात.

१६ पिनचा कनेक्टर पूर्ण आत गेला आहे का, हे टॉर्च लावून बाजूने पाहा. फट अजिबात दिसता कामा नये. कनेक्टरजवळची साडेतीन सेंटिमीटर केबल सरळ ठेवा, त्यानंतर वळवा. प्लास्टिक तपकिरी पडलेलं किंवा वितळलेलं दिसलं तर कॉम्प्युटर चालू करू नका.

आता वॉटचा हिशोब. ३०० वॉटचं कार्ड नेहमी ३०० वॉटच घेतं असं नाही. काही मिलिसेकंदांसाठी ते दुपटीच्या आसपास उसळी मारू शकतं. सरासरी मोजणाऱ्या मीटरवर ही उसळी दिसतच नाही, पण जुन्या पॉवर सप्लायचं संरक्षण सर्किट ती पाहून वीज तोडतं. म्हणून पॉवर सप्लायसाठीच्या २०२२ मधल्या एटीएक्स ३.० मानकाने १६ पिन कनेक्टरच्या पॉवर सप्लायला स्वतःच्या क्षमतेच्या २०० टक्के भार १०० मायक्रोसेकंद पेलण्याची अट घातली. कागदावर ‘६५० वॉट पुरतात’ असा हिशोब जुळूनही कॉम्प्युटर बंद पडतो, तो यामुळे.

तपासायची सोपी युक्ती: एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. क्रॅश थांबला तर वीज किंवा उष्णता यांपैकी एक कारण असण्याची शक्यता मोठी. सोबत एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून कार्डाच्या स्वतःच्या सेन्सरवरचं १२ व्होल्टचं मूल्य पाहा. भाराखाली ते ११.४ च्या खाली जाऊ नये. एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस वगळून थेट भिंतीच्या सॉकेटवरही एकदा चालवून बघा.

६. तापमान

एचडब्ल्यूइन्फोमध्ये तीन आकडे पाहा: चिपचं तापमान, हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) आणि मेमरी. काही नव्या कार्डांवर हॉटस्पॉट दिसत नाही, ते ठीक आहे. चिप आणि हॉटस्पॉटमध्ये १०-२० अंशांचा फरक सामान्य. तो भाराखाली सतत ३० च्या वर असेल तर थर्मल पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांवर स्वतःचा वेग कमी करते. तिथवर पोचत असेल तर थर्मल पॅड (मेमरी आणि हीटसिंकमधल्या मऊ पट्ट्या) पाहायला हवेत. पॅड बदलताना मूळ जाडीचेच घ्या. अर्धा मिलिमीटर जाड पॅड लावला तर हीटसिंक चिपवर टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. कार्ड उघडण्याआधी कॅबिनेटची बाजू काढून एकदा खेळा. एवढ्याने क्रॅश थांबला तर कार्ड उघडू नका, हवेचा मार्ग सुधारा.

७. स्लॉट आणि रायझर

कॉम्प्युटर बंद, वायर काढलेली. कार्ड काढा, सोनेरी पट्टी ९० टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, खटका वाजेपर्यंत परत बसवा. जड कार्ड खाली झुकत असेल तर टेकू द्या.

उभ्या बसवलेल्या कार्डाची रायझर केबल हा हमखास संशयित. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीसाठी (जेन ३) बनवलेल्या केबलवर चौथ्या पिढीचं कार्ड लावलं की कधी पडदाच येत नाही, कधी गेममध्ये मध्येच जातो. बायोसमध्ये स्लॉटचा वेग ‘ऑटो’ऐवजी जेन ३ करा. क्रॅश थांबला तर केबल बदला किंवा कार्ड थेट स्लॉटमध्ये लावा.

८. शेवटी कार्डाचीच परीक्षा

ओसीसीटी या चाचणी सॉफ्टवेअरमधली व्हीरॅम (कार्डाच्या मेमरीची) चाचणी चालवा. तिच्यात एरर आल्या तर कार्डावर संशय पक्का. नंतर कोअर क्लॉक १०० मेगाहर्ट्झने कमी करून खेळा. इतक्याने क्रॅश जात असेल, तर कंपनीने वाढवून दिलेला क्लॉक या चिपला झेपत नाही. वॉरंटी असेल तर क्लॉक कमी ठेवून दिवस ढकलू नका, कार्ड बदलून मागा.

अदलाबदल दोन्ही बाजूंनी करा: हे कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, आणि दुसरं कार्ड या कॉम्प्युटरमध्ये. दुसऱ्या कॉम्प्युटरमध्येही हेच पडलं आणि इथे दुसरं कार्ड टिकलं, तरच दोष कार्डाचा. मात्र इथे लावलेलं कार्ड निम्मी वीज घेणारं असेल तर पॉवर सप्लाय निर्दोष ठरत नाही. वापरलेलं कार्ड घेतलं असेल तर त्याचा स्वतःचा बायोस (कार्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) बदललेला आहे का तपासा. काही कार्डांवर दोन बायोसचा स्विच असतो, तो दुसऱ्या बाजूला करून पाहा.

दोष सापडला असं वाटलं की त्याच गेममध्ये, त्याच सेटिंगवर चाचणी घ्या. आधी क्रॅश सरासरी अर्ध्या तासाने येत होता, तर निदान दोन तास सलग चालवा. तेवढं पार पडलं की बंद केलेल्या गोष्टी एकेक करून परत चालू करा. एक्सएमपी किंवा एक्स्पो सर्वांत शेवटी, आणि त्यानंतर पुन्हा दोन तास.