उजव्या स्टिअरिंगची आयात गाडी: नागपुरात विमा कसा उतरवायचा

जपान किंवा इंग्लंडहून आलेली गाडी उजव्या स्टिअरिंगचीच असते, त्यामुळे वर्धा रोडवर ती कुणाला वेगळी वाटत नाही. विमा कंपनीच्या पोर्टलवर मात्र ती अडते. कंपनी-मॉडेलच्या यादीत तिचं नाव नसतं आणि एजंट म्हणतो, "जवळचं मॉडेल टाकून देतो, चालतंय." तिथेच थांबवा. पॉलिसीवर एक मॉडेल आणि आरसीवर दुसरं, असं असेल तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिला आक्षेप यावरच घेतो, आणि तोवर तुम्ही कित्येक हप्ते भरलेले असतात.

ऑनलाइन पॉलिसीचा नाद सोडून विमा कंपनीच्या कार्यालयातच जा. न्यू इंडिया, ओरिएंटल, युनायटेड इंडिया आणि नॅशनल या चारही सरकारी कंपन्यांची कार्यालये नागपुरात आहेत, खासगी कंपन्यांच्या शाखाही आहेत. प्रस्ताव लेखी द्या, सोबत कागदांचा संच जोडा आणि अंडररायटरची (विमा द्यायचा की नाही ते ठरवणाऱ्या कंपनीतल्या अधिकाऱ्याची) मंजुरी ईमेलवर मागा. फोनवरच्या "हो" ला क्लेमच्या टेबलावर किंमत नसते.

आधी कागद

मुख्य कागद म्हणजे कस्टमचं बिल ऑफ एंट्री (आयातीची कस्टमकडची नोंद) आणि शुल्क भरल्याचं चलन. त्यासोबत परदेशातलं खरेदी बिल, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), तिथल्या नोंदणीचा किंवा निर्यातीचा दाखला, तुमचा पॅन आणि पत्त्याचा पुरावा. गाडी जुनी असेल तर आयात नियमांची पूर्तताही कंपनीला दाखवावी लागते: उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली गाडी, स्टिअरिंग आणि सगळी नियंत्रणं उजवीकडे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये, हेडलाइटचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीला साजेसा, आणि आयात फक्त मुंबई बंदरातून. इंग्लंडच्या गाडीचा मीटर मैलांत असतो. तो बदलला असेल तर त्याचं बिल फाइलमध्ये ठेवा, कारण पाहणीच्या वेळी मीटरचा आकडा आणि जुन्या कागदांवरचा आकडा जुळत नाही.

जपानी गाड्यांत तीन ठिकाणी हमखास चूक होते. जपानच्या स्थानिक बाजारातल्या गाडीचा चेसिस नंबर १७ अक्षरी नसतो. मॉडेलचा कोड, मध्ये आडवी रेघ आणि मग आकडे, अशी त्याची रचना असते. पोर्टल १७ अक्षरं मागतं म्हणून कुणी पुढे शून्यं भरतं, कुणी रेघ गाळतं. बिल ऑफ एंट्रीत जसा आहे तसाच नंबर पॉलिसीवर आणि आरसीवर यायला हवा. दुसरं, जपानच्या निर्यात दाखल्यावर इंजिनचा फक्त मॉडेल कोड असतो, अनुक्रमांक नसतो. तो इंजिन ब्लॉकवरून वाचून घ्या आणि फोटो काढून ठेवा. तिसरं, त्या दाखल्यावरची तारीख पहिल्या नोंदणीची असते, उत्पादनाची नव्हे. घसारा आणि तीन वर्षांची मर्यादा या दोन्ही गोष्टींसाठी उत्पादनाचा महिना लागतो, म्हणून उत्पादकाकडून तो लेखी मागवा. जुन्या जपानी कागदांवर वर्ष रेवा कालगणनेत असेल तर त्यात २०१८ मिळवा: रेवा ५ म्हणजे २०२३.

बंदरापासून नागपूरपर्यंत

जहाजाचा मरीन विमा कुठे संपतो ते आधी वाचा. अनेकदा शेवटचं ठिकाण म्हणून बंदराचंच नाव लिहिलेलं असतं, म्हणजे पुढचा ट्रेलरचा प्रवास उघडा पडतो. विमा काढतानाच शेवटचं ठिकाण नागपूर लिहून घ्या. नाहीतर गाडी बंदरातून हलण्याआधी चेसिस आणि इंजिन नंबरवर मोटार पॉलिसी सुरू करा. मोटारीच्या प्रमाणित पॅकेज पॉलिसीत रस्ता, रेल्वे, अंतर्देशीय जलमार्ग आणि विमान यांतून होणाऱ्या वाहतुकीतलं नुकसान धरलेलं असतं, समुद्रप्रवास धरलेला नसतो. गाडी ट्रेलरवर चढवताना चारही बाजूंनी, टपाचे आणि खालून फोटो काढा. समुद्रात पडलेला पोचा आणि ट्रेलरवर पडलेला पोचा यांचे विमे वेगळे असतात, आणि कोणता कधी पडला हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

नोंदणीसाठी आरटीओला विम्याचं प्रमाणपत्र लागतंच. त्यामुळे पहिली पॉलिसी नंबर प्लेटशिवायच निघते. शहर (एमएच ३१), ग्रामीण (एमएच ४०) आणि पूर्व नागपूर (एमएच ४९) यांपैकी तुमच्या पत्त्याचं कार्यालय कोणतं, ते आधीच ठरवून पॉलिसीवर तोच पत्ता लिहा. नंबर मिळाला की त्याच आठवड्यात एंडोर्समेंट (पॉलिसीत बदलाची नोंद) करून घ्या. हे काम लांबणीवर पडतं आणि वर्षभर पॉलिसीवर "न्यू" असंच राहतं.

आयडीव्ही: इथे घाई नको

आयडीव्ही म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत. साऱ्या पॉलिसीत महत्त्वाचा आकडा हाच. भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीची आयडीव्ही कंपनीच्या यादीतल्या विक्री किमतीवरून निघते. तुमच्या गाडीला अशी यादीच नाही, म्हणून किंमत बोलून ठरवावी लागते. कस्टमने धरलेली किंमत आणि भरलेलं सगळं शुल्क यांची बेरीज हा पाया धरा आणि त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा करा: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. त्यापुढे दोघांच्या संमतीने.

समजा कस्टमची किंमत ४० लाख, शुल्क ५० लाख आणि गाडीचं वय अडीच वर्षं. ९० लाखांतून ३० टक्के गेले की आयडीव्ही ६३ लाख. एजंटने हप्ता कमी दिसावा म्हणून फक्त ४० लाखांवर हिशेब केला, तर ती २८ लाख होते. चोरी झाली तर ३५ लाखांचा फटका, हे कुणालाही कळतं. दुसरा धोका मात्र लक्षात येत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी टोटल लॉस ठरते. ६३ लाखांवर ती रेषा ४७ लाख २५ हजारांवर असते, २८ लाखांवर २१ लाखांवर. समोरून जोरात धडक, दोन हेडलाइट, रेडिएटर, एअरबॅग, आणि सगळं बाहेरून मागवायचं. २१ लाख चटकन ओलांडले जातात. दुरुस्त होणारी गाडी भंगारात निघते आणि हातात तुटपुंजी रक्कम येते.

रोड टॅक्स आयडीव्हीत येत नाही. महाराष्ट्रात आयात गाडीला तो २० टक्के आहे, म्हणजे वरच्या उदाहरणात साधारण १८ लाख. ती रक्कम परत मिळवायची असेल तर "रिटर्न टू इनव्हॉइस" हे बिलाची पूर्ण किंमत देणारं जादा कव्हर लागेल. पण स्वतः आयात केलेल्या गाडीला हे कव्हर देताना कंपन्या कचरतात, आणि दिलं तरी "इनव्हॉइस" म्हणजे परदेशातलं बिल की शुल्कासह किंमत, हा प्रश्न उरतो. व्याख्या पॉलिसीवर छापून येणार नसेल तर त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

सुट्या भागांचं कलम

शुल्कमाफीत आलेल्या गाडीच्या पॉलिसीला आयएमटी १९ हे कलम जोडतात. भाग देशात मिळत नसेल तर कंपनी उत्पादकाच्या किंवा त्याच्या एजंटच्या इथल्या यादीतली किंमत देते. तशी यादीच नसेल तर कारखान्यातली किंमत, विमानाखेरीज अन्य मार्गाने आणण्याचं वाजवी भाडं आणि आयात शुल्क देते. त्यातून घसारा वजा होतो, बसवण्याची वाजवी मजुरी वेगळी मिळते. म्हणजे घाईने विमानाने बंपर मागवलात तर हवाई भाड्यातला फरक तुमच्या खिशातून. शुल्क भरून आणलेल्या गाडीच्या पॉलिसीवरही हे कलम चुकून लागलेलं नाही ना, ते बघा.

घसारा भागांवरही बसतो: रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी, एअरबॅग ५० टक्के, फायबर ३०, काचेवर शून्य. आजच्या गाडीचा पुढचा भाग बहुतेक प्लॅस्टिकचाच असतो, त्यामुळे झिरो डेप (भागांवरचा घसारा न कापणारं जादा कव्हर) मिळत असेल तर घ्याच. इंजिन प्रोटेक्टही घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाण्यातली गाडी चालू करून बघितली आणि इंजिनात पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला, तर साधी पॉलिसी तो खर्च नाकारते. पाणी शिरलं असेल तर स्टार्टरला हात न लावता बॅटरी सोडवा आणि टो करा.

टोइंगवरही लक्ष द्या. प्रमाणित पॉलिसीत खासगी कारच्या टोइंगला १,५०० रुपयांचीच मर्यादा आहे. तुमच्या ब्रँडचं अधिकृत वर्कशॉप नागपुरात नसेल आणि गाडी फ्लॅटबेडवर पुण्या-मुंबईला न्यावी लागणार असेल, तर जादा रक्कम भरून ही मर्यादा वाढवून घ्या. समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा आहे. १,५०० रुपयांत फ्लॅटबेड बुटीबोरीच्या फार पुढे जात नाही.

उरलेलं

थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा) दर सरकारने ठरवलेला असतो, आयात गाडीला वेगळा नाही. जून २०२२ च्या दरांप्रमाणे १५०० सीसीवरच्या खासगी कारला वर्षाला ७,८९७ रुपये आणि नव्या कोऱ्या कारला तीन वर्षांचे एकरकमी २४,५९६, त्यावर जीएसटी. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सोबत असतो. घासाघीस होते ती फक्त ओन डॅमेजवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर.

परदेशात क्लेम न करता वर्षं काढली असतील तर तिथल्या विमा कंपनीचं नो क्लेम बोनसचं पत्र आणा. तिथली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे विमा घेतला तर तो बोनस मागता येतो. बरेच जण हे पत्र न घेताच परततात.

डाव्या स्टिअरिंगची गाडी इथे उजवी करून मिळेल, असं सांगणाऱ्यापासून दूर राहा. आयातीच्या अटीत बसत नाही म्हणून असं रूपांतर कागदावर लपवलं जातं, आणि लपवलेला बदल उघड झाला की क्लेम जातो. आयात गाडी सेकंडहँड घेत असाल तरी बिल ऑफ एंट्रीची प्रत मागाच. शुल्क चुकवलेली गाडी कस्टमने जप्त केली तर त्याची भरपाई कोणतीही मोटार पॉलिसी देत नाही. व्यवहार झाल्यापासून १४ दिवसांच्या आत पॉलिसी स्वतःच्या नावावर करण्याचा अर्ज द्या, आणि आधीच्या मालकाची आयडीव्ही जशीच्या तशी न स्वीकारता वरच्या पद्धतीने पुन्हा मांडा.