डोंगराखाली घर असेल तर भिंतीची भोकं बघा

मुंबईत घाटकोपर, विक्रोळी, चेंबूरच्या टेकडीखाली राहत असाल तर जोराच्या पावसात संरक्षक भिंतीत पाणी बाहेर पडायला ठेवलेल्या भोकांकडे लक्ष ठेवा. पाणी वाहतंय, तर भोकं मोकळी आहेत. भोकं कोरडी असतील तर पाणी भिंतीमागे तुंबत असू शकतं. त्या दाबाने भिंत ढासळू शकते. २०२१ च्या जुलैत चेंबूरच्या भारतनगरात भिंत घरांवर कोसळली, तीही रात्री, माणसं झोपेत असताना. गढूळ पाणी येऊ लागलं, भिंतीला पोट आलं, झाड कललं किंवा दार अचानक अडकायला लागलं, तर सामान आवरत बसू नका. पोरांना, म्हाताऱ्यांना घेऊन उताराच्या रेषेतून बाजूला व्हा, शेजाऱ्यांना हाक मारा, मग महापालिकेच्या १९१६ या आपत्कालीन नंबरला फोन करा. भोकं मे महिन्यातच साफ करून घ्या.